'एन्टायरटी' : अख्खेपणाची गोष्ट

सरकारी मसुद्यात 'इन इट्स एन्टायरटी' आले की आम्ही कारकून 'संपूर्णपणे' लिहून मोकळे होतो. मूळ लॅटिन 'इन्टेजर', म्हणजे ज्याला हात लागलेला नाही असे. फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले.

पण या शब्दाची खरी कथा इंग्लंडच्या जमीन-कायद्यात आहे. पूर्वी तेथे नवरा-बायकोच्या नावे जमीन दिली तर अर्धी-अर्धी होत नसे, प्रत्येकाकडे अख्खी! कारण कायद्याच्या लेखी दोघे एकच व्यक्ती. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनने हे नोंदवून ठेवले आहे. ती एक व्यक्ती कोण, हे सांगायला नकोच. कारभार नि उत्पन्न नवऱ्याच्या हाती. एवढे मात्र खरे, की तिच्या संमतीवाचून त्याला तिचा हक्क बुडवता येत नसे, आणि मागे राहील त्याला सगळी जमीन मिळे. १८८२ च्या कायद्यानंतर तेथे अशी नवी मालकी निर्माण होणे थांबले, १९२५ च्या कायद्याने उरलीसुरलीही गेली. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ती अजून आहे.

आमच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने वेगळी वाट धरली. लग्नाआधी निराळा करार केला नसेल तर मालमत्ता सामाईक, त्यात बायकोचा अर्धा वाटा. त्या कागदी अख्ख्यापेक्षा मला हा अर्धा मोठा वाटतो. घर विकायचे तर विक्रीखतावर तिचीही सही लागते.