रिबेरो, ज्युलिओ फ्रान्सिस
रिबेरो, ज्युलिओ फ्रान्सिस : (५ मे १९२९). भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी आणि मुंबईचे पोलीस आयुक्त (१९८२–८५). जन्म मुंबईत, मूळच्या गोव्याच्या कॅथलिक कुटुंबात. १९५३ मध्ये ते पोलीस सेवेत आले.

फेब्रुवारी १९८२ मध्ये त्यांनी आयुक्तपदाची सूत्रे घेतली, तेव्हा कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संपामुळे कापड गिरण्या १८ जानेवारीपासून थंडावल्या होत्या. मुंबईत जमावबंदीचा हुकूम जिल्हाधिकारी नव्हे, पोलीस आयुक्तच काढतो. त्यामुळे शहर बिघडले की जाब त्यालाच द्यावा लागतो. रिबेरोंच्या बाबतीत मात्र सर्वांत मोठा पेच खुद्द पोलीस दलातूनच उभा राहिला.

तुटपुंजा पगार, राहायला जागा नाही, वर साहेबांच्या घरची कामे, अशा शिपायांच्या तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. १५ ऑगस्ट १९८२ रोजी अनेकांनी गणवेशावर काळ्या फिती लावल्या. १८ तारखेला मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले यांच्या सरकारने शिपायांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली आणि तिच्या पुढाऱ्यांना अटक केली. त्यासरशी शिपाई रस्त्यावर उतरले, संपकरी गिरणी कामगार त्यांना मिळाले. जाळपोळ आणि लुटालूट झाली. अखेर लष्कर बोलवावे लागले. अनेक शिपाई बडतर्फ झाले. दलाची शिस्त राखणे अटळ होते. पण शिपायाचे गाऱ्हाणे वेळीच ऐकले असते तर ही पाळी आली नसती, आणि या अपयशात सरकारइतकाच वरिष्ठ अधिकाऱ्यांचाही वाटा होता. मे १९८४ मध्ये भिवंडीत पेटलेल्या दंगलीची झळ मुंबईलाही बसली.

१९८५ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दल आणि गुजरातचे पोलीस महासंचालकपद अशा नेमणुका झाल्या. मार्च १९८६ मध्ये, तिथला दहशतवाद वाढत असताना, त्यांना पंजाबचे पोलीस महासंचालक नेमण्यात आले. ३ ऑक्टोबर १९८६ रोजी जालंधरमध्ये पंजाब सशस्त्र पोलिसांच्या आवारातच पोलिसी गणवेशातील हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते आणि त्यांच्या पत्नी दोघेही जखमी झाले. दहशतवाद्यांविरुद्धचे ‘गोळीला गोळी’ हे धोरण त्यांच्या नावाला कायमचे चिकटले; १९९८ च्या आत्मचरित्राचे नावही तेच, ‘बुलेट फॉर बुलेट’. १९८७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे रुमानियात राजदूत असताना, ऑगस्ट १९९१ मध्ये, बुखारेस्टमध्येही त्यांच्यावर हल्ला झाला. त्यातूनही ते बचावले.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम निवृत्तीनंतरचे आहे. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या मोहल्ला समित्यांचा प्रयोग १९९२–९३ च्या दंगलींनंतर मुंबईत रुजवण्यात, तत्कालीन आयुक्त सतीश साहनी यांच्यासह, रिबेरोंचा पुढाकार होता. हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांना चौकीवरच्या पोलिसासमोर एकत्र बसवणारे हे काम बंदुकीच्या कोणत्याही धोरणापेक्षा मोलाचे ठरते.