एकटी पडलेली चिठ्ठी

परवा नात ऑफिसचं काम घरी घेऊन बसली होती. बैठकीत भिंतीवर लावलेल्या चिकट चिठ्ठ्यांचा तिने फोनवर फोटो काढला होता आणि फोनने त्यातली एकेक चिठ्ठी सुटी करून दिली होती. बोटाने सरकवली की चिठ्ठी दुसऱ्या गटात! मी बघतच राहिलो.

या चिठ्ठ्यांचा इतिहास गमतीचा आहे. 1968 साली अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर दणकट गोंदाच्या शोधात होते. हाती आला तो अलगद सुटणारा. 1974 साली सहकारी आर्ट फ्राय यांना त्याची आठवण झाली, कारण चर्चमधल्या गाण्यांच्या पुस्तकातून त्यांचे खुणेचे कागद सारखे गळून पडत. 1980 साली चिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला आल्या. 2014 साली त्याच कंपनीने फोटोतून चिठ्ठ्या टिपणारं अ‍ॅप काढलं.

पण चिठ्ठ्या मांडून विचार करायची रीत त्याआधीची. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी नेपाळमध्ये अभ्यास केला होता. ढीगभर टिपणं लावायची कशी, यावरची आपली रीत त्यांनी 1967 साली पुस्तकात मांडली. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. मथळे आधी ठरवायचे नाहीत. जवळच्या वाटतील त्या चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या, नाव मागाहून द्यायचं. कुठेच न बसणारी चिठ्ठी बळेच कोंबायची नाही, एकटी राहू द्यायची.

हे वाचलं आणि मनाला टोचलं. 1988 च्या सुमारास आमच्या शाळेत बैठक झाली होती : सातवीनंतर मुली शाळा का सोडतात? आम्हीही चिठ्ठ्या लिहिल्या. गट मात्र आधीच ठरलेले : गरिबी, लग्न, अंतर. एका बाईंची चिठ्ठी होती, "मुलींना जायला जागा नाही." अर्थ सगळ्यांना कळला, बोललं कुणीच नाही. ती 'इतर'मध्ये गेली. इतिवृत्त मीच लिहिलं, त्यात 'इतर' आलंच नाही. संध्याकाळी चिठ्ठ्या केरात गेल्या. मुलींसाठी स्वच्छतागृह झालं ते सात वर्षांनी.

तेव्हा असा फोटो असता तर ती चिठ्ठी उरली असती. पण उरलेली चिठ्ठी वाचायला माणूस लागतोच ना?

असो. नातीच्या फोनमध्येही एका गटाचं नाव 'इतर' होतं. म्हटलं, "बाळ, आधी तो उघड."