तबकडीचा कारखाना घरात आला तेव्हा



हत्यार कोणाच्या हाती, हा आम्हां कामगारांचा जुना प्रश्न आहे. आवाजाची तबकडी बनविण्याचे हत्यार जवळजवळ शंभर वर्षे कारखानदाराच्याच हाती होते. ते सामान्य माणसाच्या हाती कसे आले आणि येताना वाटेत काय सांडले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

सपाट तबकडीचा जनक एमिल बर्लिनर हा जर्मनीतील हॅनोव्हरचा. तेथेच १८९८ मध्ये तबकड्यांचा कारखाना निघाला. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जानचे गाणे मुद्रित झाले, पण त्याच्या तबकड्या छापून आल्या हॅनोव्हरहून. गळा येथला, ठसा तेथला!

योगायोग असा की, १९८२ च्या ऑगस्टमध्ये त्याच हॅनोव्हरशेजारी लांगेनहागेन येथे कॉम्पॅक्ट डिस्कचे, म्हणजे आपल्या सीडीचे, उत्पादन सुरू झाले. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी तिचे माप ठरविले होते. या तबकडीवर आवाजाची रेघ नसते, आकडे असतात. दर सेकंदास ४४,१०० वेळा आवाज मोजावयाचा; डावा-उजवा असे दोन पदर, प्रत्येक माप १६ बिटांचे. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. एवढा बोजा त्या काळच्या संगणकाला झेपणारा नव्हता.

तो हलका करण्याचे काम जर्मनीतच एर्लांगेन येथे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. गिरणीच्या साचेखात्यात माग धडधडत असता शेजाऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही. जे कानाला ऐकूच येणार नाही ते साठवावे कशाला, हा त्यामागचा विचार. १९९५ मध्ये त्यास एमपी-थ्री हे नाव मिळाले. सेकंदाला १,२८,००० बिट, म्हणजे मूळच्या सुमारे अकराव्या हिश्शात गाणे बसू लागले.

इकडे जपानच्या तायो युडेन कंपनीने १९८८ मध्ये कोरी सीडी पुढे आणली. तिच्यात रंगाचा एक थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्यावर डाग पडतात आणि यंत्र ते खाचांसारखे वाचते. पुढे ते लेखनयंत्र स्वस्त झाले व गल्लीतला पोरगाही सीडी ‘राइट’ करून देऊ लागला. एमपी-थ्री तशाच उतरविल्या तर बारा तासांहून अधिक गाणी एका सीडीवर मावत. पण जुना प्लेअर ती वाजवीत नसे. त्याच्यासाठी प्रत्येक गाणे पुन्हा पूर्ण आकड्यांत उलगडून लिहावे लागे, आणि मग ऐंशी मिनिटांत सीडी भरे.

येथेच आमची फसगत झाली. आमच्या युनियनच्या कचेरीत गेट-सभांतील गाण्यांच्या कॅसेटी होत्या. जागा वाचावी म्हणून त्या अगदी हलक्या एमपी-थ्रीत उतरविल्या आणि कॅसेटी भंगारात दिल्या. होकार माझाच होता. पुढे एका निवृत्त विणकराला त्यांतून सीडी करून दिली. ती ऐकून म्हातारा म्हणाला, “भाऊ, शाहीर हाय, पण झीलकरी कुठं गेले?” खरेच, झीलकऱ्यांचा आवाज एकमेकांत विरघळला होता, टाळ्यांचा नुसता फसफसाट उरला होता.

सीडी पूर्ण मापाची होती. आवाज मात्र अपुराच होता. पाखडताना सुपाबाहेर गेलेले दाणे, पोते मोठे घेतले म्हणून परत येत नाहीत. सोडून दिलेले आकडेही उलगडताना परत येत नाहीत. शिवाय घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंग उन्हाने नि काळाने फिका पडतो, हे वेगळेच.

काहीही न गाळता आवाज लहान करण्याची फ्लॅक नावाची रीत २००१ पासून उपलब्ध आहे. जागा साधारण निम्मी लागते. २०१७ मध्ये एमपी-थ्रीचे पेटंट-परवानेही संपले. म्हणजे आता हत्यार आपल्या हाती पुरते आले. दोष एमपी-थ्रीला देऊ नये. प्रवासात ऐकावयास ती उत्तमच. पण नक्कल ऐकावी आणि अस्सल जपावे, एवढे भान हत्याराबरोबर येत नाही. ते आपले आपणच कमवावे लागते.

ज्यांच्या घरी आईच्या ओव्यांची, गावच्या भजनाची वा मोर्चाच्या गाण्यांची कॅसेट असेल, त्यांनी ती भंगारवाल्यास देण्यापूर्वी त्या म्हाताऱ्याचा प्रश्न आठवावा. शाहिराचे नाव कोणीतरी जपतेच. झीलकऱ्यांचा मात्र आवाजच तेवढा मागे उरतो.