बांबू, गवत आणि गावाची बैठक

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचाही समावेश केला होता. वनस्पतिशास्त्र बांबूला गवताच्या कुळात बसवते. पण झाड म्हटले की इमारती लाकूड, आणि लाकूड म्हटले की वनखात्याचा हक्क, असा तो सरळ हिशेब होता. शब्दाचा अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न आपण वाङ्मयसमीक्षेत वारंवार विचारतो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने तो जंगलात उभे राहून विचारला.

या गावाची गोष्ट बहुधा २७ एप्रिल २०११ पासून सांगितली जाते. त्या दिवशी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार मिळाले. समारंभाची तारीख लक्षात ठेवायला सोपी असते. इतिहास मात्र १९८० च्या दशकात, इचंपल्ली आणि भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्धच्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनात सुरू होतो. धरणे झाली नाहीत. आंदोलन संपल्यावर बहुतेक ठिकाणी माणसे घरी परततात. मेंढ्याची माणसे एकत्र बसतच राहिली.

या बसण्याला एक रीत होती. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीवर. शिवाय निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा : अभ्यासगटात मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्र येत, वाचत, वाद घालत, निर्णय मात्र गावाचा. कायद्याची भाषा देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी अशी सावकाश आत्मसात केली. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा या सवयीतून आलेली आहे. (सर्वसहमतीविषयी मला एक शंका नेहमी वाटते : गप्प बसलेला माणूस सहमत आहे की केवळ थकलेला, हे कसे ओळखायचे? मेंढ्याचे उत्तर बहुधा एकच, पुन्हा बसायचे.)

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आणि त्यावरील मालकी वनवासींना दिली. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरीही बांबू विकायला काढला तेव्हा वनखात्याने वाहतूक परवाना नाकारला. जुना कायदा झाड म्हणत होता, नवा वनोपज. हा पेच गावाने चिकाटीने धरून ठेवला, म्हणून तो दिल्लीपर्यंत पोहोचला आणि मार्च २०११ मध्ये रमेश यांना राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहून कळवावे लागले की बांबू हे गौण वनोपजच आहे.

पुढे गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. २०१७ मध्ये वन कायद्यातील ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, पण त्या दुरुस्तीमागचा जाहीर हेतू जंगलाबाहेरच्या लागवडीला चालना देण्याचा होता. जंगलातल्या बांबूवर हक्क सांगणाऱ्या गावांना २००६ च्या कायद्याचाच आधार पुरेसा होता, आणि तो वापरून दाखवण्याचे काम आधीच झाले होते.

मेंढा मात्र तिथेही थांबले नाही. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली खासगी शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. हाही निर्णय सर्वसहमतीनेच झाला.