जुनी फायबर बोट घरी दुरुस्त करताना रंगाआधी काय तपासावं?

फायबरची बोट कुजत नाही, हे अर्धंच खरं. इंजिन बसतं त्या मागच्या फळीत बहुतेक जुन्या बोटींना प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतल्या आत सडतं. वरून बोट चकचकीतच दिसते.

साताऱ्यात तापोळा, बामणोलीहून शिवसागर जलाशयात बोटी चालतात; सांगलीच्या कृष्णाकाठाला त्या पुरात लागतात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. पाणी प्यायलेली बोट तर रिकामी असतानाच जड असते, म्हणजे तिची क्षमता आधीच घटलेली.

म्हणून आधी छोट्या हातोडीने ठोकून बघावं. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आला तर पदर सुटलेत किंवा लाकूड भिजलंय. तो भाग कापून, पूर्ण वाळवून, नवं मरीन प्लाय बसवावं आणि मगच मॅट-रेझिनचे थर द्यावेत. पावसाळ्यात हे काम नकोच. घासताना काचेची धूळ उडते, मास्क हवाच.

रेझिन लवकर घट्ट करणारं कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र ओतू नयेत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट मिसळावं, हार्डनर शेवटी.