मालवणची प्रवाळे

मालवणची प्रवाळे : सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण बंदरासमोर सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालच्या बुडीत खडकांवर असलेली प्रवाळांची तुटक वस्ती. भारतातील प्रवाळक्षेत्रांची यादी बहुधा कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार या चार नावांवर थांबते. रत्नागिरी, मालवण, गोव्याचे ग्रँड बेट, कर्नाटकातील नेत्राणी यांची बोळवण ‘इतरत्र’ या शब्दात होते. हा क्रम क्षेत्रफळाने लागलेला आहे. प्रवाळ कसल्या पाण्यात तग धरते हे पाहून यादी केली, तर मालवणला बरेच वर घ्यावे लागेल.

परिस्थिती व प्रकार : प्रवाळ हा प्राणी असून तो चुन्याचा सांगाडा रचतो. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले (झूझँथेली) प्रकाशसंश्लेषण करतात व तयार अन्नाचा मोठा वाटा त्याला देतात. त्यामुळे त्याला उजेड, निवळ पाणी आणि स्थिर खारटपणा लागतो. मालवणात हे तिन्ही पावसाळ्यात बिघडते. जिल्ह्यात वर्षाला सुमारे 3,000 मिमी पाऊस पडतो. कोळंबची खाडी आणि कर्ली नदी गाळ व गोडे पाणी समुद्रात आणतात. साहजिकच फांद्यांची नाजूक प्रवाळे येथे क्वचित आढळतात. गोलसर ढेपांची किंवा खडकाला लिंपून वाढणारी, गाळ सोसणारी प्रवाळे टिकली आहेत : पोराइट्स, गोनिअ‍ॅस्ट्रिया, फॅव्हाइट्स, सायफॅस्ट्रिया, टर्बिनेरिया इत्यादी. रंगीत माहितीपत्रके पाहून आलेल्या पर्यटकाला ती मळकट वाटतात. ढेपेचे पोराइट्स वर्षाला जेमतेम 1 सेंमी वाढते, म्हणजे परातीएवढ्या ढेपेमागे सुमारे पाव शतक जाते.

ही प्रवाळे आयत्या खडकांवर वसलेली आहेत. त्यांनी स्वतःची भित्ती उभारलेली नाही. म्हणून ‘शैलभित्ती’ ही संज्ञा येथे टाळली आहे. भित्ती लाटांचा जोर मोडून किनारा वाचवते, हा अन्यत्र रास्त असलेला दावाही मालवणच्या ठिगळांना लागू करू नये. त्यांचे महत्त्व आसऱ्याचे आहे. गोब्रा, तांबोशी, शेवंड ही खडकाळ तळाची मासळी कपारींत राहते, आणि कपारी जिवंत असतील तर तेथे खाणेही मिळते.

अभ्यास : पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळे असल्याची नोंद एस. झेड. कासिम व एम. व्ही. एम. वफर यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केली. मालवणच्या सागरी प्राण्यांवर ए. एच. परुळेकर यांचा लेख 1981 चा.

अभयारण्य : मालवण सागरी अभयारण्य वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये 13 एप्रिल 1987 रोजी घोषित झाले. एकूण क्षेत्र 29.122 चौ.किमी, पैकी गाभाक्षेत्र 3.182 चौ.किमी, उरलेले आघातप्रतिबंधक क्षेत्र. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड व बुडीत खडक येतात. त्याची ईशान्य हद्द बंदरापासून 50 मी.वर सुरू होते, पूर्वेची किनाऱ्याला समांतर 30 ते 50 मी. अंतराने जाते, दक्षिणेची मंडेल खडकाजवळ वाळूला टेकते आणि पश्चिमेची मालवण खडकाजवळ आहे. कागदोपत्री इतकी नेमकी असलेली ही रेषा पाण्यावर कोठेच दिसत नाही. मच्छीमारांचा अभयारण्यास आक्षेप राहिला आहे.

अपाय व रोजची राखण : सर्वांत ढोबळ अपाय नांगराचा. किल्ल्याच्या आडोशाला होडी थांबवताना लोखंडी नांगर खडकावर टाकला की ढेप फुटते, आणि वाऱ्याने होडी फिरली की दोर आजूबाजूचेही खरवडतो. कायमचे तरते बोये बसवून त्यांनाच होड्या बांधणे हा उपाय जगभर वापरात आहे. त्याला खर्च कमी आणि शिस्त जास्त लागते. दुसरा अपाय पायाचा : स्नॉर्केलिंग करताना दमलेला माणूस हाताशी येईल त्या खडकावर उभा राहतो. तिसरा पावाचा. मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटे पाण्यात टाकली की शैवाल खाऊन खडक साफ ठेवणारे मासे ते काम सोडून होडीमागे लागतात. फाटकी जाळी खडकात अडकून राहतात, ती ओढण्याऐवजी कापून काढावी लागतात. वाळूवर ओढली जाणारी पारंपरिक रापण खडकांपासून दूरच राहते. तिला आणि ट्रॉलरला एकाच यादीत घालणे अन्यायाचे आहे. गावचे सांडपाणी हा अपाय कमी दिसणारा, पण बारमाही. यांपैकी एकही अपाय थांबवायला परिषदेची किंवा कराराची गरज नाही.

विरंजन : उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी 1° से.ने काही आठवडे वर राहिले, की प्रवाळ शैवाले बाहेर टाकते व पांढरे पडते. त्यावर स्थानिक उपाय नाही. मात्र नांगर-गाळाचा मार नसलेले प्रवाळ त्यातून सावरण्याची शक्यता अधिक. चौथे जागतिक विरंजन एप्रिल 2024 मध्ये जाहीर झाले.

कायदा : 2001 पासून भित्ती रचणाऱ्या प्रकारांतील सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस आहेत, तुटलेला तुकडा आठवण म्हणून घरी नेणे हाही गुन्हा ठरतो. अंगठीतील पोवळे याहून वेगळे. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातील कोरॅलियम रूब्रम.

आंग्रिया बँक : विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे 105 किमी असलेले, कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेले बुडीत पठार. माथ्यावर पाणी सुमारे 20 मी. खोल असून प्रवाळे मालवणपेक्षा समृद्ध आहेत. ते 12 सागरी मैलांच्या प्रादेशिक हद्दीबाहेर पडते.