इंजिन ट्रायम्फचं, सांगाडा नॉर्टनचा

ट्रायटन नावाची मोटरसायकल ना ट्रायम्फने कधी बनवली, ना नॉर्टनने. तरीही १९६० च्या आसपास लंडनमधल्या एखाद्या बाइकवेड्या पोराला विचारलं असतं की बाबा, तुला कुठली गाडी हवी, तर त्याने हेच नाव घेतलं असण्याची शक्यता दांडगी. ट्रायम्फमधला 'ट्राय', नॉर्टनमधला 'टन'. इंजिन एकाचं, सांगाडा दुसऱ्याचा, आणि दोन्ही एकत्र आणणारा तिसराच: घरामागच्या शेडमध्ये हातात कानस घेऊन बसलेला कुणीतरी.

इंजिन स्वॅप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. जुनं, कमी ताकदीचं धूड काढायचं, दांडगं इंजिन बसवायचं आणि हायवेवर जाऊन कान पिळायचा. ट्रायटनची गोष्टसुद्धा बहुतेक वेळा अशीच सांगतात. गेले काही वीकेंड यावर वाचत बसलो होतो आणि मला ती गोष्ट हळूहळू उलटी दिसायला लागली. ही गोष्ट इंजिनाची कमी आणि सांगाड्याची जास्त आहे. कशी, ते सांगतो.

सुरुवात बर्मिंगहॅममधल्या ब्रेसब्रिज स्ट्रीटवर करू. नॉर्टनचा कारखाना तिथे होता. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा नॉर्टनकडे मँक्स नावाची ५०० सीसी, एका सिलिंडरची रेसिंग गाडी होती. इंजिन जातिवंत, पण त्याचा वंश युद्धाआधीचा. समोर इटलीच्या गिलेराचं चार सिलिंडरचं इंजिन आलं, तेव्हा ताकदीत नॉर्टनला त्याच्याशी बरोबरी करता येईना. त्यात जुना सांगाडा युद्धानंतरच्या खडबडीत रस्त्यांवर तडकायचा. चेष्टेने त्याला 'गार्डन गेट', म्हणजे बागेचं फाटक, म्हणत!

मग बेलफास्टच्या रेक्स मॅक्कँडलेस नावाच्या माणसाने नॉर्टनसाठी नवा सांगाडा तयार केला. कल्पना तशी सोपी. डावीकडे नळीचा एक पूर्ण फेरा, उजवीकडे दुसरा, दोन्ही फेरे हँडलच्या मानेपाशी येऊन एकमेकांना ओलांडतात आणि इंजिन त्यांच्या मधे पाळण्यात ठेवल्यासारखं बसतं. मागे स्विंगआर्म आणि दोन शॉक ॲब्सॉर्बर. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण पुढच्या कित्येक गाड्या याच वाटेने गेल्या. नॉर्टनचा रायडर हॅरॉल्ड डॅनियल याला ती चालवताना पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटलं, आणि सांगाड्याला नाव पडलं 'फेदरबेड'.

१९५० साली आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत ही गाडी उतरली. ३५० सीसीच्या ज्युनियर आणि ५०० सीसीच्या सीनियर, दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही नंबर नॉर्टनचे. १९५१ साली जेफ ड्यूकने ३५० आणि ५०० सीसी, दोन्हींचं जगज्जेतेपद नॉर्टनवर मिळवलं. सरळ रस्त्यावर गिलेरा पुढे निघायची, वळणावर नॉर्टन तिला गाठायची.

आता यातली गंमत बघा. १९५३ साली ड्यूक गिलेराकडे गेला. नॉर्टनवरचा अनुभव सोबत घेऊन गेला, गिलेराच्या सांगाड्यात सुधारणा झाल्या आणि पुढची सलग तीन वर्षं, १९५३ ते १९५५, ५०० सीसीचं जगज्जेतेपद त्याने गिलेरावर घेतलं. इंजिन त्यांच्याकडे होतंच. अडलं होतं ते दुसरीकडे.

मग हे फेदरबेड सांगाडे सामान्य पोरांच्या हाती कसे लागले? इथे मोटारी येतात. १९५० च्या दशकात ५०० सीसीच्या चिमुकल्या रेसिंग कारची फॉर्म्युला थ्री शर्यत जोरात होती. कूपर कंपनीच्या छोट्या कारमध्ये मँक्सचं इंजिन बसवलं की गाडी जिंकण्याच्या लायकीची व्हायची. पण नॉर्टन नुसतं इंजिन विकायला राजी नव्हती. मग कारवाले काय करायचे, तर अख्खी मँक्स विकत घ्यायचे, इंजिन काढून कारमध्ये बसवायचे आणि उरलेली बिनइंजिनाची गाडी विकून टाकायचे. म्हणजे जगातला सर्वोत्तम सांगाडा, उत्तम फोर्क, उत्तम ब्रेक, आणि मधे नुसती पोकळी. त्यात १९५२ पासून नॉर्टनच्या रस्त्यावरच्या डॉमिनेटर गाडीलाही फेदरबेड मिळाला. या गाड्या अपघातात सापडल्या किंवा इंजिन बसलं की त्यांचे सांगाडेही बाजारात यायचे.

दुसरीकडे ट्रायम्फ. एडवर्ड टर्नरने १९३७ साली स्पीड ट्विन आणली: ५०० सीसी, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, हलकी, सुबक, पळायला चपळ. तेच इंजिन वाढत वाढत ६५० सीसीचं झालं आणि १९५९ साली दोन कार्ब्युरेटर घेऊन बॉनव्हिल अवतरली. इंजिन सोसणारं होतं, सुटे भाग कुठेही मिळायचे, ट्यूनिंगचं सामान मुबलक. पण ट्रायम्फचा सांगाडा मात्र यथातथाच. मागच्या स्विंगआर्मच्या खिळीला दोन्ही बाजूंनी सांगाड्याचा आधार नव्हता. जोरात वळण घेतलं की मागचा भाग आपल्या मनाने जायचा.

म्हणजे परिस्थिती अशी: एका कंपनीकडे उत्तम सांगाडा, दुसरीकडे स्वस्त आणि जोरकस इंजिन. मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत आलेल्या असंख्यांपैकी एक. दिवसभर एका कंपनीचं सॉफ्टवेअर दुसरीच्या सॉफ्टवेअरशी बोलतं करायचं हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे पुढचा भाग वाचताना मला भलताच जिव्हाळा वाटला :-)

१९६३ पर्यंत ६५० च्या ट्रायम्फचं इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असायचे. हे जोडणाऱ्याच्या पथ्यावर पडलं, कारण दोन्ही हवे तिथे सरकवता येत. ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून इंजिन प्लेट कापायच्या, भोकं पाडायची आणि इंजिन पाळण्यात लटकवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणारी चेन आणि तिथून मागच्या चाकाकडे जाणारी चेन, दोन्ही आपापल्या रेषेत सरळ यायला हव्यात. थोडा तिरकेपणा राहिला तरी चेन आणि स्प्रॉकेट झिजून जातात. इंजिन जितकं पुढे आणि खाली, तितकं पुढचं चाक रस्त्याला चिकटून राहतं. पण फार पुढे नेलं की चाक आणि मडगार्ड आडवे येतात.

आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे थरथर. या इंजिनात दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली. तो धक्का कमी करायला क्रँकवर उलटं वजन ठेवतात, पण त्याने धक्का नाहीसा होत नाही, काही प्रमाणात उभ्याचा आडवा होतो. कुठल्या दिशेचा धक्का किती जाणवेल हे सांगाड्यावर आणि इंजिन कसं धरलंय त्यावर ठरतं. म्हणून जाणकार मंडळी क्रँक उघडून ते वजन नव्याने जुळवून घेत. बाकीच्यांच्या टाक्या तडकत आणि नटबोल्ट रस्त्यावर सांडत.

या गाड्यांचं पंढरपूर म्हणजे लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा एस कॅफे. शंभर मैलांचा वेग, म्हणजे ताशी १६० किलोमीटर, याला तिथल्या बोलीत 'टन' म्हणत आणि तो गाठणाऱ्यांना 'टन-अप बॉइज'. डिसेंबर १९६५ पर्यंत वस्तीबाहेरच्या रस्त्यांवर इंग्लंडमध्ये सरसकट वेगमर्यादाच नव्हती. हेल्मेटची सक्ती तर १९७३ सालची. ब्रेक ड्रमचे, टायर आजच्या मानाने अगदीच अरुंद. पोरं मेली. वर्तमानपत्रांनी त्यांना गुंड ठरवलं. त्याच सुमारास हॅकनी विकचे पाद्री बिल शेरगोल्ड यांनी मात्र १९६२ साली फिफ्टी नाइन क्लबची मोटरसायकल शाखा सुरू करून त्यांना चर्चमध्ये बोलावलं. उपदेशापेक्षा चहा आणि गप्पांवर भर असल्यामुळे पोरं आली.

हा नुसता शेडमधला खेळ होता असं मात्र समजू नका. डेव्ह डेगन्स नावाचा रेसर आपल्या ड्रेस्डा या दुकानातून ट्रायटन बांधून विकायचा. १९६५ साली बार्सिलोनाच्या माँजुइक सर्किटवर २४ तासांची शर्यत झाली. डेगन्स आणि रेक्स बुचर ही जोडी ट्रायटन घेऊन उतरली आणि शर्यत जिंकली. चोवीस तास टिकणं म्हणजे त्या गाडीच्या प्रत्येक जोडाची परीक्षा होती.

मग प्रश्न पडतो, की कंपन्यांना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं, पण उशिरा. नॉर्टनने १९६२ साली फेदरबेडमध्ये स्वतःचं ६५० सीसी इंजिन बसवून ६५०एसएस आणली. एकप्रकारे कारखान्यातली ट्रायटनच. ती उत्तम निघाली, थ्रक्सटनची ५०० मैलांची शर्यत तिने १९६२ ते १९६४ सलग तीनदा जिंकली. ट्रायम्फने काय केलं, तर त्याच १९६२ साली नॉर्टनचा इंजिनिअर डग हील याला आपल्याकडे घेतलं. त्याने बॉनव्हिलचा सांगाडा आणि स्टिअरिंग ठीकठाक केलं. त्यानंतरची बॉनव्हिल वळणावर विश्वास ठेवण्याजोगी झाली. जे काम पोरं प्लेट कापून करत होती, ते ट्रायम्फने माणूस आणून केलं.

तोवर वेळ निघून चालली होती. १९६९ मध्ये होंडाची चार सिलिंडरची सीबी ७५० बाजारात आली. १९७३ साली बुडत्या ब्रिटिश उद्योगाला वाचवायला सरकारी मदतीने नॉर्टन आणि ट्रायम्फ एकाच कंपनीत आणल्या गेल्या, नाव नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ. शेडमधल्या पोरांनी कितीतरी वर्षं आधी लावलेलं लग्न अखेर मोठ्यांनी मान्य केलं, पण घरात खायला काही उरलं नव्हतं. मेरिडेनचा ट्रायम्फ कारखाना बंद करायचं ठरताच कामगारांनी तो ताब्यात घेतला, पुढे सहकारी तत्त्वावर चालवला, आणि १९८३ साली तोही मिटला.

असो. शेवट अगदीच करुण नाही. ट्रायम्फ नव्या मालकाच्या हाताखाली पुन्हा उभी राहिली, आणि २०२३ साली आलेली तिची स्पीड ४०० बजाजने आपल्या पुण्याजवळच्या चाकणला बनवायला घेतली. नॉर्टन २०२० साली टीव्हीएसने विकत घेतली. ट्रायटनची दोन्ही माहेरं अशी भारताशी जोडली गेली.

आपल्याकडे इंजिन स्वॅपची स्वप्नं बघणारे पुष्कळ आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याच्या आड येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत फेरफार करता येणार नाही असं स्पष्ट केलं. कायदा जाचक आहे की रास्त, यावर चर्चा होऊ शकते. पण ट्रायटनवाल्यांचा क्रम लक्षात घ्या: त्यांनी आधी इंजिनाचा जोर पेलणारा सांगाडा आणि ब्रेक शोधले. आपल्याकडच्या बहुतेक गप्पा इंजिनाच्या सीसीपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. पुढच्या वेळी कुणी मित्र "अमुक गाडीत तमुक इंजिन बसवू या" म्हणाला, तर त्याला पहिला प्रश्न एवढाच विचारा: ते थांबवणार कशाने?